गाडी डावीकडे ओढते: अलाइनमेंट करूनही फरक का पडत नाही

अलाइनमेंट झालं, प्रिंटवर सगळे आकडे हिरवे आले, आणि हायवेला ८०चा वेग गाठला की गाडी पुन्हा डावीकडे सरकायला लागते. मग दुसरं दुकान, पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा तेच. यात मेस्त्री दर वेळी फसवत असतो असं नाही. बहुतेक दुकानांत अलाइनमेंट म्हणजे पुढच्या दोन चाकांचा टो जुळवणं, कारण आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत कंपनीने पाना लावून बदलण्यासारखं तेवढंच ठेवलेलं असतं. आणि पुढच्या टोमुळे गाडी सहसा ओढतच नाही.

हे आधी नीट समजून घ्या, पुढची सगळी तपासणी यावरच उभी आहे. गाडीकडे वरून पाहिलं, तर पुढची चाकं पुढच्या टोकाला जेवढी आत किंवा बाहेर वळलेली दिसतील तो टो. दोन्ही चाकं टाय रॉड आणि स्टिअरिंग रॅकने एकमेकांना बांधलेली असतात. एक चाक जास्त आत वळलेलं असेल, तर गाडी चालू लागताच दोन्ही चाकं ती चूक निम्मी-निम्मी वाटून घेतात. गाडी सरळच जाते. स्टिअरिंग मात्र वाकडं दिसतं आणि टायर झिजतात. ओढ येते ती टायर, ब्रेक, कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा वरचा भाग बाहेर किंवा आत झुकणं, बाहेर झुकला तर पॉझिटिव्ह), कास्टर (बाजूने पाहताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल), सैल झालेले बुश (सांध्यांतली रबरं) किंवा पॉवर स्टिअरिंग यांतून. म्हणून मशीनचा नंबर शेवटी. त्याआधीच्या बहुतेक चाचण्या एक प्रेशर गेज, जॅक आणि व्हील पाना एवढ्यावर घरासमोर होतात.

तक्रार नेमकी कोणती?

स्टिअरिंग वाकडं, पण हलक्या हाताने धरलं तरी गाडी सरळ जाते: ही ओढ नव्हे, टोचं काम आहे. स्टिअरिंग सरळ, पण हात सैल केला की गाडी बाजूला जाते: ही खरी ओढ. फक्त ब्रेक दाबल्यावर जाते: ब्रेक किंवा लोअर आर्मचे (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा) बुश. फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर जाते: बुश, इंजिन माउंट किंवा पुढच्या दोन चाकांचे असमान टायर. डावं वळण घेतल्यावर डावीकडेच ओढत राहते आणि उजवं घेतल्यावर उजवीकडे: कुठेतरी काहीतरी जाम आहे. हे पाच प्रकार गॅरेजमध्ये नीट वेगळे सांगितले तर निम्मं काम तिथेच होतं. ‘गाडी ओढते’ एवढंच सांगितलं, तर गाडी थेट अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढते.

रस्त्याचा हिशेबही इथेच करून टाका. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला साधारण २ ते अडीच टक्के आडवा उतार दिलेला असतो. साडेतीन मीटरच्या लेनमध्ये डावी कड सात ते नऊ सेंटीमीटर खाली असते. आपण डावीकडून चालवतो, तेव्हा धडधाकट गाडीही हळूच डावीकडे उतरते. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बहुधा दोन्ही लेनचा उतार डावीकडेच असतो, त्यामुळे उजव्या लेनमध्ये जाऊनही खात्री पटत नाही. चाचणीसाठी रुंद आणि मोकळा रस्ता शोधा, सुट्टीच्या दिवशी सकाळी एमआयडीसीतला रस्ता उत्तम. मागे-पुढे वाहन नसताना गाडी रस्त्याच्या मधोमध, उंचवट्यावरून ६०च्या वेगाने न्या. वारा जोराचा असेल तर चाचणी दुसऱ्या दिवसावर ढकला. हात स्टिअरिंगवरून काढू नका, बोटांचं कडं त्याभोवती सैल ठेवा. ६०च्या वेगाने १०० मीटर जायला ६ सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी पाऊण-एक मीटर सरकली तर तो रस्त्याचा उतार समजा. अर्धी लेन सोडून गेली, किंवा सरळ ठेवायला सतत जोर लावावा लागत असेल, तर पुढे वाचा. गाडी उजवीकडे ओढत असेल तर रस्त्याला दोष देताच येत नाही. उताराच्या विरुद्ध जाणारी ओढ ही नेहमी गाडीचीच असते.

गाडीत ॲडास (ड्रायव्हरला मदत करणारी कॅमेरा-सेन्सरची यंत्रणा) असेल तर लेन-असिस्ट बंद करूनच ही चाचणी करा, नाहीतर कॅमेराच स्टिअरिंगला हात लावत राहील.

हवा आणि टायर

हवा थंड टायरमध्ये मोजायची, म्हणजे गाडी तीन तास तरी उभी असली पाहिजे. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरू नका. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून चारही टायर एकाच गेजने मोजा. पुढच्या दोन टायरांत ४-५ पीएसआयचा फरक असला तरी कमी हवेच्या बाजूला ओढ जाणवते. हवा सारखी केल्यावर एखादा टायर आठवड्यात ३-४ पीएसआय उतरत असेल, तर वॉल्व्ह, बारीक खिळा आणि रिमची कड तपासून घ्या. खड्ड्यात रिमची आतली कड मुडपते, बाहेरून काही दिसत नाही आणि हवा तिथून हळूहळू निघून जाते.

एकाच ॲक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे, वेगळ्या नक्षीचे किंवा झिजेत मोठा फरक असलेले टायर असतील, तर आधी जोडी सारखी करा. त्याशिवाय पुढच्या कुठल्याही चाचणीचा निकाल भरवशाचा नाही.

आता सगळ्यात मोलाची चाचणी: पुढच्या चाकांची अदलाबदल. टायरच्या आतला स्टीलचा पट्टा बनवतानाच किंचित एका बाजूला सरकून बसलेला असेल, तर टायर शंकूसारखा वागतो. फुलपात्र जमिनीवर आडवं टाकून ढकललं की ते सरळ न जाता गोल फिरतं, तसाच हा टायर गाडीला एका बाजूला वळवत राहतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, बॅलन्सिंगच्या मशीनवर कळत नाही आणि अलाइनमेंटच्या प्रिंटवर तर येतच नाही. अगदी नव्या टायरमध्येही असतो. टायर बदलल्यापासून ओढ सुरू झाली असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक एकच असेल तर स्टेपनी मदतीला घ्या. डावं चाक काढून तिथे स्टेपनी लावा आणि गाडी खाली घ्या. मग उजवं काढून तिथे डावं लावा. शेवटी स्टेपनी काढून तिथे उजवं लावा. कुठलं चाक कुठलं ते खडूने लिहून ठेवा. नट एकाआड एक घट्ट करा. शेवटचा टॉर्क गाडीच्या पुस्तिकेतला. बहुतेक छोट्या गाड्यांना तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पायाने पान्यावर उभं राहून आवळू नका.

टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर हे टायर कायमचे अदलाबदल करून चालवता येत नाहीत. कोरड्या रस्त्यावर चाचणीपुरते चार-पाच किलोमीटर चालतील, किंवा त्याच बाजूचं पुढचं-मागचं चाक बदलून पाहा.

त्याच रस्त्यावर तीच चाचणी पुन्हा घ्या. ओढ डावीकडची उजवीकडे गेली, तर दोष टायरचा, शंभर टक्के. ओढ नाहीशी झाली तरी टायरचाच. चाकं तशीच राहू द्या. ओढ जशीच्या तशी राहिली तर पुढचे टायर सुटले. दोषी टायर फेकून द्यायची गरज नसते, ते मागे लावले की हा दोष स्टिअरिंगपर्यंत पोहोचत नाही. टायर नवे असतील तर विक्रेत्याकडे जाऊन वॉरंटीत बदलून मागा आणि अदलाबदलीचा निकाल सांगा. ‘अलाइनमेंट करून बघा’ या उत्तराला तोच खरा जबाब आहे.

ब्रेक धरून ठेवतोय का?

पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर हे कारण वर येतं. गाडी आठवडाभर ओल्यात उभी राहते, कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सरकत्या पिना गंजतात, पिस्टनवरचं रबरी आवरण फाटलेलं असेल तर पाणी आत जातं, आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. जी बाजू धरून ठेवते तिकडे गाडी ओढते. याची खूण अशी की सुरुवातीचे पाच किलोमीटर गाडी ठीक जाते, मग ओढ वाढत जाते, ॲव्हरेज पडतं आणि एका चाकातून जळका वास येतो.

शक्य तितका कमी ब्रेक वापरत १०-१२ किलोमीटर चालवा, शेवटी गाडी आपोआप मंदावू द्या. खाली उतरून प्रत्येक रिमच्या मध्याजवळ हाताची मागची बाजू न टेकवता धरा. डिस्कला स्पर्श करू नका, ती कातडी सोलेल. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर दोन्ही बाजूंना नेमक्या त्याच जागी नेम धरा आणि नुसता आकडा न पाहता डावी-उजवी फरक पाहा. एकाच ॲक्सलवर २५-३० अंशांचा फरक असेल तर गरम चाक उघडायचं.

गाडी उचलून ते चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर ब्लीडरचा निपल (कॅलिपरवरचा, फ्लुइड बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल करा. फ्लुइडची धार आली आणि चाक लगेच मोकळं झालं, तर आत दाब अडकून पडला होता. दोष बहुधा रबरी होजचा: बाहेरून धड दिसतो, आतून फुगून झडपेसारखा बंद होतो. आता खात्रीसाठी निपल बंद करा, ब्रेक दाबून सोडा, चाक पुन्हा जड झालं की होज आणि लोखंडी नळी यांचा वरचा सांधा सैल करा. तिथे मोकळं झालं नाही आणि निपलला झालं तर होज बदला. वरच्या सांध्यालाच मोकळं झालं तर अडचण त्याच्याही वर, मास्टर सिलिंडरकडे आहे. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर काम यांत्रिक आहे: पिना किंवा पिस्टन.

पिना काढून काथ्याने घासा, खड्डे पडलेल्या असतील तर नव्या घाला, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या पिवळ्या ग्रीसने रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा जाम होते. दुरुस्तीनंतर परत आलेली बरीच ब्रेकची तक्रार इथूनच येते. पिस्टनवर गंज दिसला तर किट टाकण्यापेक्षा कॅलिपर बदलणं शहाणपणाचं. फ्लुइड डॉट ३ की डॉट ४ ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. सांधा उघडला की ब्लीडिंग (नळीत शिरलेली हवा काढणं) करायचंच. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल आवरणात गंजून अडकलेली आहे का तेही पाहा.

फक्त ब्रेक दाबल्यावर ओढ येत असेल तर डोकं उलटं चालवा. गाडी ज्या बाजूला जाते ती बाजू नीट धरते. दोष विरुद्ध बाजूला असू शकतो. डावीकडे जात असेल तर उजवा कॅलिपर जाम आहे का, उजव्या पॅडवर ऑइल किंवा ग्रीस आहे का ते पाहा. ऑइल लागलेले पॅड पॉलिश पेपरने घासून परत बसवू नका. पॅड नेहमी दोन्ही बाजूंचे जोडीने बदलायचे.

बुश, बेअरिंग, स्प्रिंग

लोअर आर्मचा मागचा बुश फाटला की ब्रेकच्या वेळी चाक मागे सरकतं आणि वेग घेताना पुढे. परिणामी ब्रेकला गाडी एका बाजूला आणि ॲक्सिलरेटरला दुसऱ्या बाजूला जाते. ही जोडी दिसली की थेट बुश पाहा. गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घ्या, आर्म आणि क्रॉस मेंबर (आर्म ज्यावर बसतो ती आडवी चौकट) यांच्या मध्ये पहार घालून हलकेच रेटा. रबराला भेग दिसली किंवा आर्म सरळ सरकला तर बुश गेला. नवा बुश बसवल्यावर त्याचा बोल्ट शेवटचा कधी आवळायचा हे फार गॅरेजमध्ये चुकतं. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचा. चाक लोंबकळत असताना आवळला तर रबर कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं.

वळणानंतर त्याच बाजूला ओढत राहणारी गाडी असेल तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंग कॉलमचा सांधा पाहा. बॉनेट उघडून शॉकअपच्या वरच्या टोकाला बोटं टेकवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा. टक् असा उडीचा झटका किंवा स्प्रिंगचा ताणून सुटल्यासारखा आवाज आला तर बेअरिंग जाम आहे.

स्प्रिंग तुटलेली अनेकांना कळतही नाही, कारण सर्वात खालचा वेढा तुटतो आणि बुडाशी बसून राहतो. गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डावी-उजवी १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग आणि तिची बैठक बघा. उंची बदलली की कॅम्बरही बदलतो.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत रॅक किंवा कॉलमचं काम झाल्यावर, अपघातानंतर, कधी अलाइनमेंटनंतरही सेन्सरचा शून्य बिंदू सरकलेला राहतो आणि मोटर एका बाजूला सतत थोडी मदत करत राहते. पुढची दोन्ही चाकं स्टँडवर अधांतरी घेऊन इंजिन सुरू करा आणि स्टिअरिंग सोडा. ते आपोआप एका बाजूला फिरू लागलं तर स्कॅनर लावून टॉर्क सेन्सर आणि अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या. चालत्या गाडीत इंजिन बंद करून हे तपासायचा सल्ला काही जण देतात. तो कधीही ऐकू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं आणि ब्रेकचा बूस्टरही साथ सोडतो.

आता मशीन

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर अलाइनमेंट करा, पण दोन गोष्टी मागून घ्या: कामाआधीचा प्रिंट आणि कास्टरचा आकडा. कास्टर मोजण्यासाठी चाकं फिरत्या प्लेटवर ठेवून दोन्ही बाजूंना ठराविक अंश वळवावी लागतात. घाईत ही पायरी गाळली जाते आणि प्रिंटवर कास्टरची जागा कोरी राहते. ओढीच्या तक्रारीत तोच आकडा हवा असतो.

हिरवा-लाल रंग पाहू नका. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे मर्यादेत असला की मशीन हिरवा दाखवतं, पण ओढ येते ती डाव्या-उजव्यातल्या फरकामुळे. गाडी जास्त पॉझिटिव्ह कॅम्बर असलेल्या बाजूला ओढते आणि कमी कास्टर असलेल्या बाजूला ओढते. उदाहरणार्थ, डावा कॅम्बर अधिक ०°२०′ आणि उजवा उणे ०°२५′ असेल, तर दोन्ही हिरवे असले तरी ४५ मिनिटांचा, म्हणजे पाऊण अंशाचा फरक आहे आणि गाडी डावीकडे जाणार. डावा कास्टर २°३०′ आणि उजवा ३°३०′ असेल तरीही डावीकडेच. कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असला की संशय पक्का धरा. मागच्या ॲक्सलचा थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून जेवढी तिरकी ढकलतात तो कोन) शून्यापासून दूर असेल तर स्टिअरिंग वाकडं राहतं आणि गाडी तिरकी चालते, तेही त्याच कागदावर दिसतं.

आपल्या रस्त्यांवर डावं पुढचं चाक सर्वात जास्त मार खातं: खचलेली साइडपट्टी, ड्रेनेजचं झाकण, कडेचा पाण्याने भरलेला खड्डा. खड्ड्याच्या काठावर चाक आपटून लोअर आर्म मागे वाकला तर त्या बाजूचा कास्टर कमी होतो. आर्म आत दबला तर कॅम्बर पॉझिटिव्ह होतो. दोन्ही वेळा गाडी मार बसलेल्या बाजूलाच ओढते. शॉकअपची नळी वाकली असेल तर मात्र चाकाचा वरचा भाग आत झुकतो, कॅम्बर निगेटिव्ह होतो आणि गाडी विरुद्ध बाजूला जाते. टायरची आतली कड झिजलेली दिसते. प्रिंटवर एसएआय (समोरून पाहताना चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा आत कल) असेल तर तो आणि कॅम्बर यांची बेरीज करा. दोन्ही बाजूंची बेरीज वेगळी आली तर नकल (चाकाचा हब धरणारा भाग) किंवा शॉकअप वाकलंय. बेरीज सारखी पण एसएआय वेगळा, तर लोअर आर्म, क्रॉस मेंबर किंवा शॉकअपची वरची बैठक जागेवरून हललीय.

पाना लावून कॅम्बर बदलता येत नसलेल्या गाडीत काही ठिकाणी शॉकअपच वाकवून आकडा आणतात. वाकलेल्या पोलादाला उलटं वाकवलं की आकडा बसतो, भाग मात्र कमकुवत होतो आणि आतला रॉड तिरका घासून सील जातं. वाकलेला भाग बदलणं हाच उपाय आहे. फरक थोडाच असेल तर नकलचे दोन बोल्ट सैल करून भोकातल्या मोकळीकीइतका कॅम्बर सरकवता येतो, किंवा खास कॅम्बर बोल्ट मिळतो तो वापरा. क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामानंतर ओढ सुरू झाली असेल तर क्रॉस मेंबर एका बाजूला बसवला गेलाय का ते आधी पाहा. बोल्ट सैल करून, मध्यावर आणून पुन्हा आवळल्याने दोन्ही बाजूंचे आकडे एकदम जुळतात.

सगळे भाग चांगले आणि तरीही ओढ असेल, तर चाकं सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. १० मिलिमीटरहून जास्त फरक आला तर गाडी बॉडीशॉपला नेऊन सांगाडा मोजून घ्यावा लागेल.

सस्पेन्शनचा कुठलाही भाग बदलल्यावर टो पुन्हा जुळवायचा. दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवून घ्या, म्हणजे स्टिअरिंग मध्यावर राहील, आणि चेकनट आवळताना रॉडच्या बाहेरच्या सांध्याला पीळ बसू देऊ नका. दुकानातून निघताना चाचणी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, हवा मोजूनच करा. चाकं काढली होती, तेव्हा ५० किलोमीटरनंतर नट एकदा टॉर्क पान्याने तपासा.